घसारा वजा जाता

बँकेतल्या माणसाला प्रवासाची आवड असते, असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे. त्याला आवड असते ती एलएफसीची. एलएफसी म्हणजे बँकेच्या खर्चाने करायचा सहकुटुंब प्रवास. त्याचा चार वर्षांचा एक ब्लॉक असतो आणि तो संपायला तीन महिने उरले, की शाखेतल्या एकजात सगळ्या मंडळींना हिमालय, समुद्र आणि ज्योतिर्लिंगं यांची अनावर ओढ लागते. आमच्या कॅशियरना केरळ पाहायचं नसतं. त्यांना केरळ लॅप्स होऊ द्यायचं नसतं.

माझाही ब्लॉक गेल्या डिसेंबरात शेवटच्या घटका मोजत होता. सौभाग्यवतींनी काश्मीर म्हटलं. चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी 'जिथं रेंज असेल तिथं' असं म्हटलं. शेवटी अर्जातल्या 'कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेले आईवडील' या रकान्याकडे माझं लक्ष गेलं आणि मी आईला विचारलं. आता आई माझ्यावर अवलंबून आहे, हे बँकेचं म्हणणं. आमच्या घरात याच्या उलट परिस्थिती असल्याचा पुरावा बँक मागत नाही म्हणून बरं.

आई म्हणाली, "कोल्हापूर."

"अगं, बँक देशात कुठंही न्यायला तयार आहे!"

"तर मग कोल्हापूरला नेईल की. अंबाबाईचं दर्शन ऱ्हायलंय माझं."

हे 'ऱ्हायलंय' जरा समजावून सांगायला हवं. आई कोल्हापूरला पहिल्यांदा जात नव्हती. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलखात तिने आणि वडिलांनी सात हंगाम काढले होते. आम्ही बीड जिल्ह्यातले. आमच्याकडे दसरा झाला, की गावं बैलगाड्यांत, ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून उसाच्या फडाकडे निघतात आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बँकेच्या भाषेत जॉइंट अकाउंट; फक्त यात 'दोघांपैकी कोणीही एक' अशी सोय नसते, दोघांनाही रोज पहाटे हजर राहावं लागतं. मुकादमाकडून आधी घेतलेल्या रकमेला उचल म्हणतात. बँकेत आम्ही तिला ॲडव्हान्स म्हणतो. नाव काहीही असो, फिटायच्या बाबतीत दोघींचा स्वभाव सारखाच. तर असे सात हंगाम देवीच्या मुलखात काढून आईला देवी दिसली नव्हती, कारण ऊस तोडून झाला की गाडी कारखान्याकडे जाते, देवळाकडे नाही.

तेव्हा सोलापूर, सांगोला, मिरज असं करत आम्ही कोल्हापूरला पोचलो. दर्शन झालं. आई देवीसमोर इतका वेळ उभी राहिली, की मागच्या रांगेने तिला तीनदा 'मावशी' म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा 'ओ बाई' म्हटलं. दुसरा दिवस मोकळा होता. तिथं चिरंजीवांनी, मोबाइलमधून मान न काढता, कणेरीचं नाव काढलं. त्यांना शाळेतून 'ग्रामीण जीवन' या विषयावर प्रकल्प करायचा होता आणि तो बापाला विचारून करण्याऐवजी साडेतीनशे किलोमीटरवर येऊन करावा, असं त्यांनी ठरवलं होतं.

कणेरीला काडसिद्धेश्वरांचा मठ आहे, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडा आत. मठाच्या आवारात सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम आहे. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींची ही कल्पना. २००७ साली काम सुरू झालं. छप्पर नाही, काचेची कपाटं नाहीत. उघड्या आभाळाखाली सात-आठ एकरांत एक आख्खं खेडं उभं केलंय. माणसं, बैल, गायी, कोंबड्या, सगळी सिमेंटची आणि सगळी खऱ्या मापाची. पुतळेच तीनशेच्या घरात आहेत म्हणतात.

तिकीट काढताना मला जरा लाजल्यासारखं झालं. ज्या गोष्टीतून बाहेर पडण्यासाठी मी बी.कॉम. झालो, ती बघायला मी सहकुटुंब तिकीट काढत होतो. पण यात आपणच वेडे असं नाही. स्टॉकहोमला आर्तुर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने १८९१ सालीच गावोगावची जुनी घरं उचलून आणून स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं म्युझियम थाटलं. तिकडे कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात स्टाईनबाखला, १८७४च्या सुमारास रशियातून आलेल्या मेनोनाइट लोकांचं खेडं पवनचक्कीसकट जपून ठेवलंय. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला यातलं मर्म चटकन कळतं. वस्तू विकत घेतली की दरवर्षी तिच्यावर घसारा लागतो. घसारा वजा जाता जाता तिची किंमत वहीत एक रुपया उरते. हा एक रुपया उरल्यावर जो ती फेकून देतो तो आपल्यासारखा, आणि तिच्याभोवती कुंपण घालून दाराशी तिकीटखिडकी बसवतो तो दूरदृष्टीचा.

आत गेलो आणि माझी थट्टा जरा आवरली. पुतळे उत्तम आहेत. म्हाताऱ्यांच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा, पागोट्याच्या घड्या, बायकांच्या नऊवारीचा काचा. करणाऱ्याने खेडं फोटोत पाहिलेलं नाही, हे कळतं. नांगर धरलेला शेतकरी, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया, हजामतीला बसलेलं गिऱ्हाईक आणि त्याची हनुवटी धरलेला न्हावी. सौभाग्यवतींनी एका पुतळ्याला "जरा बाजूला होता का?" असं विचारलं आणि नंतर पंधरा मिनिटं कोणाशी बोलल्या नाहीत.

चिरंजीव वहीत बारा बलुतेदार उतरवून घेत होते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट असं करत गाडी आठ-नवावर आली की प्रत्येकाची अडते, कारण पुढची नावं मुलखामुलखाप्रमाणे बदलतात. एका गावचा बलुतेदार दुसऱ्या गावात अलुतेदार निघतो. "बलुतं म्हणजे काय, बाबा?" असा प्रश्न आल्यावर मी घसा साफ केला. म्हटलं, ती वर्षाची मेंटेनन्सची करारबद्ध सेवा होती. सुताराने वर्षभर कुणब्याची औतं दुरुस्त करायची, रोख काही घ्यायचं नाही; सुगी झाली की खळ्यावर जाऊन ठरलेलं धान्य आणायचं. यातही ओळी होत्या, थोरली, मधली आणि धाकटी. थोरल्या ओळीला जास्त, धाकटीला कमी. बँकेत याला ग्रेड म्हणतात.

"मस्त सिस्टीम होती की," चिरंजीव म्हणाले.

इथं मी काही बोललो नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं आणि दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं'. दोन्ही पुस्तकं एकाच गाड्याबद्दल आहेत. पण एकाने तो सरकारी नोकरीतून बारकाईने पाहिला होता आणि दुसऱ्याच्या अंगावरून तो गेला होता. हे नववीच्या प्रकल्पात कुठं बसवायचं, ते मला सुचलं नाही.

आई एव्हाना पुढं गेली होती. तिची पाहण्याची रीत आमच्याहून वेगळी. आम्ही पुतळ्यांचे चेहरे पाहत होतो. ती त्यांचे हात पाहत होती. विहिरीपाशी थांबून म्हणाली, "पाणी हाय बघ इथल्या विहिरीला." बहात्तरच्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. शाळेच्या वयात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि लाल मिलोची भाकरी खाल्ली, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. सिमेंटच्या बायांच्या भरल्या घागरींकडे ती हेव्याने पाहत होती की काय कोण जाणे. मग एक चक्कर मारून आल्यावर ती एकदम म्हणाली, "समदे घरीच हायत रे ह्या गावात."

"म्हणजे?"

"म्हंजी दसऱ्याच्या आधीचं गाव हाय हे."

एवढं बोलून ती पुढं निघाली. मी मात्र तिथंच घोटाळलो. खरंच, त्या गावात कोणी गाव सोडून निघालेलं नव्हतं. बोचकं नाही, मुकादम नाही, नातवंडांना धरून दारात बसलेली म्हातारी नाही. बलुत्याचा हिशोब सुगीवर, सुगी पावसावर. ज्या वर्षी खळंच लागलं नाही त्या वर्षी बलुतं कशातून देणार? बाराही जणांचा पगार एकाच आभाळावर काढलेला, आणि आभाळाने चेक परत केला की जामीन कोणी नाही. आमचं असंच झालं. आम्ही घराण्याने सुतार. आजोबा थोरल्या ओळीतले. त्यांच्या मुलाने वाकस सोडून कोयता धरला.

आणि तेवढ्यात आम्ही सुताराच्या पुतळ्यासमोर आलो.

सुतार उकिडवा बसून कामात गढलेला होता, मान खाली, हातात हत्यार. आई माझ्यापुढं दोन पावलं होती. ती थबकली, आणि तिचा हात आपोआप वर गेला. तिने पदर डोक्यावरून पुढं ओढला, पार कपाळापर्यंत. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुतळ्याकडे पाहिलं. सुताराला अर्थातच कशाची कल्पना नव्हती.

"मामंजी अस्सेच बसायचे," आई हळूच म्हणाली. सासऱ्यासमोर तिचा आवाज पस्तीस वर्षांपूर्वी चढत नव्हता, तो आजही चढला नाही. मग स्वतःच हसली, पण पदर काही मागं घेतला नाही. जरा वेळाने तिने तो प्रश्न विचारला, ज्याला मी दोन वर्षं टाळत आलो होतो.

"बाबा, मामंजींचं ते चाक कुठंय रे?"

आता चाकाचं सांगतो.

आईवडील फडावर असायचे तेव्हा मी गावी आजोबांजवळ असे. मी चौथीत असताना त्यांना एका शेतकऱ्याने गाडीची चाकं सांगितली. दुरुस्ती बलुत्यात असे, पण नव्या चाकाचे पैसे वेगळे, त्यामुळे आजोबा खुशीत होते. जुनी वाळलेली बाभूळ, मधे तुंबा, त्यात बारा आरे, बाहेर लाकडी घेर. शेवटी लोखंडी धाव चढवायची. ती चढवण्याचा दिवस म्हणजे आमच्या गल्लीची दिवाळी. गोवऱ्या रचून लोहार ती लोखंडाची कडी लाल करी, चौघेजण सांडशांनी उचलून लाकडावर बसवत, धूर उठे, आणि मग पाणी. पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. लोखंड आवळत जाई आणि सगळं चाक कण्हल्यासारखा आवाज करी. एक चाक असं तयार झालं. दुसऱ्याचं लाकूड तासायला घेतलं, तोवर निरोप आला, की शेतकऱ्याला टायरची गाडी मिळाली. कर्जाने. कुठल्या बँकेने दिलं ते मला ठाऊक नाही आणि मी कधी शोधलंही नाही.

ते एकटं चाक भिंतीला टेकून उभं राहिलं. जगात जोडीदार नसलेल्या चाकाइतकी निरुपयोगी वस्तू नाही. एका दुपारी आजोबा झोपले असताना मी पटाशी घेऊन त्याच्या एका आऱ्यावर माझं नाव कोरायला बसलो. दोन अक्षरं झाली आणि तिसऱ्याला थप्पड बसली. पण पाडव्याला आई परत आली तेव्हा आजोबांनी स्वतः तिला ती अक्षरं दाखवली म्हणे. "पोरगं लिव्हायला लागलंय, सूनबाई." आईला लिहिता-वाचता येत नाही. ती दोन अक्षरं मात्र ती कुठंही ओळखते. पासबुकावर, लग्नपत्रिकेवर, बँकेतल्या माझ्या टेबलावरच्या पाटीवर. तिसऱ्या अक्षराशी तिची ओळख नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसात गावच्या घराची भिंत बसली. मी मोडकंतोडकं विकायला गेलो, तेव्हा एकजण चाक मागायला आला. त्याला ते हायवेवरच्या हॉटेलात लावायचं होतं, 'गावरान' वातावरणासाठी. अठराशे रुपये दिले. माझ्यातला बी.कॉम. खूश झाला, वहीत एक रुपया किंमत असलेली वस्तू अठराशेला गेली. घरी येऊन आईला सांगितलं, की चाकाला वाळवी लागली होती.

आणि आता त्या सिमेंटच्या सुतारासमोर मी पुन्हा म्हणालो, "वाळवी लागली होती गं."

"बाभळीला?" आई म्हणाली. एवढंच.

परतताना कणेरीच्या रस्त्याला उसाच्या शेतांकडेला कोप्या दिसल्या. आईने गाडी थांबवायला लावली. एक पोरगी बाळाला अंघोळ घालत होती. आईने विचारलं, "कुन्या गावची गं?" पोरगी धारूरकडची निघाली. मग दोघी दहा मिनिटं अशा बोलल्या, की जणू माहेरच्या आडावर भेटल्यात. आईने देवीच्या प्रसादाचा अख्खा पुडा तिला देऊन टाकला. शाखेत वाटण्यासाठी घेतलेला तो पुडा होता. पण मी काही बोललो नाही. माझी बोलण्याची पत त्या दिवशी फार खाली गेलेली होती. चिरंजीवांनी कोपीचा फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मग, का कोण जाणे, खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तुळजापूर मागं टाकलं तेव्हा अंधार पडला होता आणि बीड अजून लांब होतं. जेवायला कुठं थांबायचं, हे ड्रायव्हरने ठरवलं. हायवेवरची हॉटेलं ड्रायव्हरच ठरवतात आणि आपण पोटाला विचारतो. दारात शेणाने सारवल्यासारखा दिसणारा रंग होता, आत कंदिलाच्या आकाराचे विजेचे दिवे होते, खाटा होत्या, वेटरांच्या डोक्यांवर फेटे होते. पिठलं-भाकरी एकशे ऐंशी रुपये. आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर, सोनेरी ऑइलपेंट मारलेलं, भोवती दिव्यांची माळ सोडलेलं, एक चाक.

मी आईला त्या भिंतीकडे पाठ येईल अशा खाटेवर बसवलं. व्यर्थ. हात धुवायचं बेसिन गल्ल्याशेजारी होतं. ती हात धुऊन बराच वेळ आली नाही, तेव्हा मला कळलं. जाऊन पाहतो तर ओल्या हाताने ती एक आरा चाचपत होती. सोनेरी रंगाखाली ती दोन अक्षरं स्पष्ट दिसत होती. रंग देणाऱ्याने उलट ती काळ्या रंगाने भरून घेतली होती.

मी सगळं सांगून टाकलं.

"किती आले?"

"अठराशे."

तिने मान हलवली. चाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आन् अक्षराचं येगळं घेतलंस का न्हाई?"

मी गप्प. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला उत्तर येऊ नये असे प्रश्न फार थोडे असतात. चिरंजीव मागून आले. आईने त्यांचं बोट धरून आऱ्यावर टेकवलं. "वाच, काय लिव्हलंय." त्यांनी वाचलं. "पुढचं?" त्यांनी विचारलं.

"पुढचं तुज्या पणज्यानं लिहू दिलं न्हाई."

एवढ्यात गल्ल्यावरचा मॅनेजर आमच्याकडे वळला. माणूस हौशी होता. "फोटो काढायचा तर काढा ना काका, सगळेच काढतात. ओरिजिनल आहे, दीडशे वर्षांचं. त्यावरची अक्षरंसुद्धा त्या काळची आहेत."

आईने एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आसंल बाबा," ती म्हणाली, "ह्याचे बी केस पिकलेतच की."